छापखाना बाजारात निघाला

गाळ्याची किल्ली हातात पडली त्या दिवशी नीलव्वाने शटर अकरा वेळा उघडलं आणि अकरा वेळा बंद केलं. बाराव्या वेळी शेजारच्या भांडीवाल्याने हात जोडले, तेव्हा कुठे ती थांबली. आठ बाय बाराचा गाळा, समोर बसस्टँड, डाव्या हाताला संतेचं, आठवडी बाजाराचं, मैदान, वर ट्यूबलाइट. हिरेकुंटीच्या बाजार कमिटीने बांधलेल्या वीस गाळ्यांतला हा सतरावा. चिठ्ठीत तो तिच्या नवऱ्याच्या, मुदकप्पाच्या नावावर निघाला होता, आणि त्याच्या मागचं नाव होतं कॅसेटवाल्या वीरेशचं.

सेक्रेटरी हिरेमठांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, "मंगळवारी संते भरते, त्या दिवशी दुपारी बाराला मी बघायला येणार. धंदा चालू दिसला पाहिजे. नुसती हळद-कुंकू लावलेली खुर्ची दाखवू नका. बंद दिसलं तर गाळा मागच्या नावाला."

वीरेश तिथेच उभा होता. तो गोड हसला.

पस्तीस वर्षं छापखाना घरातच होता. खरं तर घरच छापखान्यात होतं. लग्नपत्रिका वाळायला जागा नाही म्हणून त्या ज्वारीच्या पोत्यांवर, बाजेवर, पोरं लहान असताना पाळण्यातसुद्धा पसरलेल्या असायच्या. रोट्टी थापताना पिठाला रॉकेलचा वास यायचा. गिऱ्हाइकाला मागच्या बोळातून, म्हशीला वळसा घालून यावं लागे, आणि म्हशीने ज्याच्या धोतराला एकदा शेपूट पुसलं तो माणूस पुढच्या लग्नाला गदगचा छापखाना गाठायचा.

सासऱ्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी सातवी शिकलेल्या या सुनेला शिशाचे खिळे, म्हणजे छापायची अक्षरं, ओळखायला शिकवलं. तेव्हापासून खिळे जुळवायची नीलव्वा, मशीनच्या जबड्यात कागद घालायची नीलव्वा. मुदकप्पा पायपट्टीवर पाय मारून चाक फिरवायचा, शाई फासायचा आणि गिऱ्हाइकाशी गप्पा हाणायचा. गावात मात्र नाव मुदकप्पाच्या छापखान्याचं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ती येईल त्याला सांगायची.

सोमवारी सकाळी हमालांचा म्होरक्या हजरतसाब चार माणसं, दोन पहारी आणि लोखंडी पाइपांचा भारा घेऊन बोळात शिरला. नीलव्वाने पहाटेच मशीनला न्हाऊ घातल्यासारखं रॉकेलने पुसलं होतं. खिळ्यांच्या केसींवर, त्या खणाखणांच्या लाकडी पेट्यांवर, धुतलेली लुगडी बांधून ठेवली होती. लग्नघरातल्यासारखी ती सारखी आतबाहेर करत होती.

हजरतसाबने मशीनभोवती एक फेरी मारली, दोरी काढली आणि मशीनच्या रुंदीला लावली. मग तीच दोरी घेऊन तो मागच्या दाराशी गेला. तिथून परत आला. पुन्हा मशीनला लावली. मग खाली बसून त्याने विडी पेटवली.

"मुदकण्णा," तो म्हणाला, "ही बया आत आली कुठनं?"

"पुढच्या दारानं. अप्पांनी आणली तवा मी एवढुसा होतो."

"मग ते पुढचं दार कुठं हाय?"

नीलव्वाने भिंतीकडे पाहिलं. पुढचं दार भिंतीपलीकडे होतं.

सहा वर्षांपूर्वी थोरला भाऊ दुंडप्पा वेगळा झाला तेव्हा सोप्याच्या मधोमध ही वीटभिंत उभी राहिली होती. बैलगाडी, शेत आणि पुढचं रुंद दार थोरल्याला. मशीन, म्हैस आणि मागचा बोळ धाकट्याला. सहा वर्षांत गाळ्याचा अर्ज झाला, बोर्ड रंगवून झाला, पेढे वाटून झाले, पण मशीन दारातून जातं की नाही हे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. आईला उंबऱ्यातून बाहेर काढायचं तर कुणी माप घेतं का?

"चाक निघंल," हजरतसाब बोटं मोडत म्हणाला, "रूळ निघतील, पायपट्टी निघंल. पर ह्यो सांगाडा एका ओतीचा. सव्वातीन फूट. तुमचं दार अडीच. आता एक तर मशीन रोडावलं पायजे, न्हाई तर दार रुंदावलं पायजे."

"मागली भिंत फोडू," मुदकप्पा म्हणाला.

"फोडा की. वरचं सगळं माळवद तिच्यावर हाय. मशीन बाहेर आन तुमी आत."

सगळ्यांच्या नजरा मधल्या भिंतीकडे वळल्या. मधली भिंत चार इंची होती, तिच्यावर कसलाच भार नव्हता. पण ती मधली होती.

"मी अण्णाकडं जायाचो न्हाई," मुदकप्पा एकदम म्हणाला. "सा वर्सं त्यानं तोंड फिरवून रस्ता बदललाय. गाळा जातोय तर जाऊ दे."

"जाऊ दे?" नीलव्वाचा आवाज चढला. "त्या वीरेशनं तितं गाणी लावायची आन मी हितं म्हशीमागं पत्रिका वाळवायच्या? जाऊ दे म्हनं!" तिने पदर खोचला, मग आठवण होऊन सोडला, डोक्यावरून घेतला आणि बोळातून वळसा घालून पुढच्या दाराकडे निघाली.

भांडणाचं कारण साऱ्या गावाला पाठ होतं. चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका घरच्याच मशीनवर निघाली. निमंत्रकांच्या यादीत धाकट्याचं नाव ठळक मोठ्या टाइपात होतं आणि त्याच्याखाली थोरल्याचं बारीक, मुंगीएवढं. चारशे पत्रिका पाहुण्यांत गेल्या. दुंडप्पाच्या सासरवाडीत कुणीतरी भिंग मागवून त्याचं नाव वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यात विटा आल्या. गावाने ठरवून टाकलं की धाकटा माजला.

फक्त एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती, आणि ती नीलव्वा सहा वर्षं गिळून बसली होती.

थोरल्याच्या अंगणात गिरिजव्वा, तिची जाऊ, मिरच्या पसरत होती. दोघी जावा बोळाच्या कुंपणावरून ताक, चटणी आणि रडगाणी यांची देवघेव रोज करत, पण नीलव्वाला पुढच्या दारात पाहून गिरिजव्वाच्या हातातलं सूप कलंडलं.

"भाऊजी हाईत?"

दुंडप्पा सोप्यातच होता. गाडीच्या जुवाला वादी बांधत खाली बसलेला, उघडाबंब, पाठीवर घामाच्या रेघा. त्याने मान वर केली नाही. थोरल्या दिराशी भावजयीने समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घरातली जुनी रीत. त्यामुळे नीलव्वा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, गिरिजव्वा मध्ये बसली, आणि तिघं दोन हातांच्या अंतरावर असूनही बोलणं वळसे घेत सुरू झालं.

"अक्का, भाऊजींना सांग, मशीन बाजारात न्यायचं हाय."

"अहो, ती म्हंत्या, मशीन बाजारात..."

"ऐकू येतंय मला," दुंडप्पा म्हणाला. "गिरजे, तिला म्हनावं, ने की. मला काय विचारती?"

"अक्का, म्हनावं, मागल्या दारातनं जात न्हाई."

दुंडप्पाचा हात वादीवर थांबला. मग तो हसला. मोठ्याने, घसा खरवडत. "जात न्हाई! गिरजे, इचार तिला, अप्पांनी मशीन आणलं तवा पुढं कोण होतं? मी! कासरा धरून मी आणलंय ते हुबळीच्या रस्त्यानं. ह्यास्नी दार मोजायला सा वर्सं लागली व्हय?"

"म्हनावं, चुकलं."

"म्हनावं, चुका करायची त्याला सवयच हाय. माणसाचं नाव छापायची अक्कल न्हाई आन..."

"ते मी केलं," नीलव्वा म्हणाली.

ती हे गिरिजव्वाकडे बघून म्हणाली, की चौकटीकडे, हे तिलाही कळलं नाही. "अक्का, भाऊजींना सांग. ती पत्रिका ह्यांनी न्हाई, मी जुळवली. मोठ्या टाइपातली अक्षरं अर्ध्यात सरली. गदगनं नवी यायला चार दिवस, आन पत्रिका सकाळी द्यायच्या. ह्यांचं नाव आदी जुळवून ठेवलेलं. मोडून सगळीच बारीक लावायची तर सारी पत्रिका परत बांधायची... मला वाटलं, घरचंच नाव हाय, घरची माणसं समजून घेतील. ह्यांनी छापल्यावर बघितलं. पर सगळ्यांपुढं ते माझं नाव बोलले न्हाईत. आन मी बी बोलले न्हाई."

गिरिजव्वाने हे पुढे सांगायला तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगणात कोंबडी मिरच्यांत शिरली, तिला हाकलायलाही कुणी उठलं नाही. दुंडप्पा वादीची गाठ घट्ट करत राहिला, इतकी की ती तुटली.

तुटलेलं टोक त्याने बाजूला टाकलं. मग म्हणाला, "गिरजे, तिला सांग, भिंत खालनं फोडायची न्हाई. वरनं उतरवायची, एकेक वीट. आन विटा फोडू नका म्हनावं त्या साबला. निम्म्या माझ्या हाईत."

नीलव्वा पळतच बोळातून परत आली. पदर कुठे, चपला कुठे, याची शुद्ध नव्हती. "उठा!" ती नवऱ्याला म्हणाली. "भाऊजी भिंत उतरवत्यात!"

दुपारभर भिंत खाली येत होती. पलीकडून स्टुलावर दुंडप्पा, अलीकडून पोत्यावर मुदकप्पा. वरची रांग निघाली तशी दोघांच्या टोप्या दिसल्या, मग कपाळं, मग मिशा. सहा वर्षांत थोरल्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि ते इतक्या जवळून मुदकप्पाला आज दिसलं. दुंडप्पा विटा दोन ढिगांत रचत होता, एक इकडे, एक तिकडे, आणि विषम आकडा आला तेव्हा उरलेली वीट हातात घेऊन क्षणभर अडला. मग ती त्याने धाकट्याच्या ढिगावर ठेवली.

चार वाजता पाइप अंथरले. चाक आधीच उतरवलं होतं. हजरतसाबने पहार सांगाड्याखाली घातली आणि आवाज दिला, "हां रे, जोर लगा!" चार पाठी वाकल्या, चार गळे हुंकारले. मशीन एक इंच हललं. खालची फरशी कुरकुरली. जिथे ते पस्तीस वर्षं उभं होतं तिथे शाईने काळा झालेला चौकोन उघडा पडला. नीलव्वाने दोन्ही हात तोंडावर दाबले. तिला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, आणि त्या चौकोनावरून नजरही हलत नव्हती.

हात-हात करत, पाइप मागून काढून पुढे घालत, मशीन भिंतीच्या भगदाडातून थोरल्याच्या सोप्यात आलं. तेवढ्यात गिरिजव्वा वाटेत आडवी आली.

"थांबा! लेकीला अशी रिकामी कोण धाडतं?"

"अव्वा," हजरतसाब धापा टाकत म्हणाला, "माझी माणसं मरतील."

"मरू देत न्हाई. पाच मिनिटं."

आणि तिने खरंच आत जाऊन खण आणला, नारळ आणला, ओंजळभर तांदूळ, विडा, सुपारी. शाईच्या तबकडीला हळद-कुंकू लावलं आणि मशीनच्या जबड्यात लेकीची भरतात तशी ओटी भरली. "सुखानं नांद," ती म्हणाली आणि रडायला लागली. नीलव्वाही रडली. हजरतसाबने टोपी काढून डोकं खाजवलं आणि नारळ प्रसादाला फुटणार का, असं हळूच विचारलं.

मंगळवारी उजाडता उजाडता गाडी निघाली. गाडी दुंडप्पाची, बैल दुंडप्पाचे, कासरा त्याच्या हातात. तो पुढे बघून हाकत होता, जणू गाडीत मागे कडबा आहे. खिळ्यांच्या केसी गाडीत घालायला नीलव्वाने साफ नकार दिला होता. एक धक्का बसला तर सारी अक्षरं एकमेकांत मिसळतील आणि निवडायला वर्ष जाईल. एकेक केस डोक्यावर घेऊन, मान ताठ ठेवून, गुडघे न वाकवता ती गल्लीतून चालत गेली. अशा तिने नऊ खेपा केल्या. ओट्याओट्यावर बायका बघत होत्या.

"नीलव्वा, काय गं, माहेरी चाललीस व्हय?"

"बाजारात!" ती म्हणाली. मान हलवता येत नव्हती म्हणून नुसते डोळे तिकडे वळवले. "सतरा नंबर. या बघायला!"

नऊ वाजता संते भरली. मिरच्यांचे ढीग, कांद्याच्या पाट्या, चुरमुऱ्यांची मंडक्की विकणारे, बांगडीवाले. सतरा नंबरसमोर मशीन उतरताना बघायला मेंढीबाजारापेक्षा जास्त माणसं जमली. प्रत्येक जण हजरतसाबला एक सल्ला देत होता. मशीन फळीवरून खाली आलं, शटरखालून आत गेलं, जागेवर बसलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग चाक चढवायचं राहिलं. चाक उचललं, आसापर्यंत आणलं, आणि शेवटच्या क्षणी घामेजल्या हातांतून ते निसटलं.

मुदकप्पाचा पाय त्याच्या खाली होता.

हाड मोडलं नव्हतं, पण अंगठ्याचं नख उचललं गेलं आणि पाऊल बघता बघता वांग्यासारखं सुजलं. त्याला भांडीवाल्याच्या ओट्यावर बसवलं, पायावर ओला फडका गुंडाळला. चाक हजरतसाबने चढवलं. नट आवळले. साडेदहा वाजले होते.

"काय वहिनी," गर्दीतून वीरेश म्हणाला, "आता पाय कोण मारणार? मी माझ्या कॅसेटा आणू का हळूहळू?"

"आण," नीलव्वा म्हणाली. "बसायला स्टूल बी आण. लई वाट बघावी लागंल."

शेजारच्या गावातल्या हौशी नाटक मंडळीची पाचशे हँडबिलं तिने शनिवारीच जुळवून ठेवली होती. संतेत वाटायला ती आजच हवी होती. तिने जुळवलेला मजकूर मशीनमध्ये आवळून बसवला, तबकडीवर शाई घातली, गुलाबी कागदांची थप्पी डाव्या हाताला लावली. उजवा पाय पट्टीवर ठेवला आणि दाबला.

एवढ्या वर्षांत तिने कागद घातला होता, पाय कधी मारला नव्हता. चाकाने अर्धी फेरी घेतली आणि परत आलं. तिने लुगडं वर खोचलं, पुन्हा दाबलं. चाक फिरलं, जबडा मिटला, कागद तिरका गेला. अर्धी अक्षरं कागदावर, अर्धी हवेत. पाय सांभाळावा तर हात चुकत होता, हात सांभाळावा तर चाक थांबत होतं. चौथ्या वेळी बोटं जबड्यातून जेमतेम निसटली. गर्दीतली एक म्हातारी "अय्यो" म्हणाली. हजरतसाब पुढे आला, त्याने पट्टीवर पाय ठेवला आणि असा दणका दिला की कागद फाटून रुळांना गुंडाळला.

"हे माझं काम न्हाई, अव्वा," तो ओशाळून म्हणाला.

पावणेबारा. घाम डोळ्यांत उतरत होता. पाच कागद वाया गेलेले खाली पडले होते. मुदकप्पा ओट्यावरून उठू बघत होता आणि भांडीवाला त्याला खाली दाबत होता. मैदानाच्या टोकाला सेक्रेटरी हिरेमठांची काळी छत्री दिसली. ते एकेका गाळ्यापाशी थांबत, वहीत लिहीत येत होते. पंधरा नंबर. सोळा नंबर.

तिने पुन्हा पाय उचलला. तेवढ्यात पट्टी तिच्या पायाखालून आपोआप खाली गेली.

दुसऱ्या बाजूने एक काळं, भेगाळलेलं पाऊल पट्टीवर आलं होतं. दुंडप्पा गाडीचा दोर न्यायला आत आला असावा. दोर अजून त्याच्या खांद्यावर होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, चाकाकडे बघत होता. बाप जिवंत असताना ज्या पायाने त्याने हे चाक बारा वर्षं फिरवलं होतं तो पाय न विचारता आपलं काम करत होता. दाब, सोड. दाब, सोड. चाकाने एक फेरी पुरी केली, दुसरी केली, आणि मग घरातला तो जुना, सगळ्यांना पाठ असलेला खडाड-धप, खडाड-धप आवाज बाजारात घुमला.

नीलव्वाने कागद घातला. जबडा मिटला, उघडला. तिने उजव्या हाताने छापलेला काढला, डाव्याने कोरा घातला. मिटला, उघडला. एकही तिरका नाही. गुलाबी कागदावर काळी अक्षरं, ठसठशीत. पदर केव्हाच डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून कमरेवर आला होता. तो सावरायला हात मोकळा नव्हता, आणि सारी संते बघत होती की मुदकप्पाच्या छापखान्यात छापतं कोण. तिला लाज वाटायला हवी होती. तिला हसू येत होतं.

हिरेमठ छत्री मिटून आत आले. त्यांनी एक हँडबिल उचललं, वाचलं, शाई ओली होती ती अंगठ्याला लागली. अंगठा धोतराला पुसून ते वहीत काहीतरी लिहू लागले.

"सतरा. चालू," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमच्या घरात पुढच्या महिन्यात लग्न आहे. पत्रिकांचं कुणाशी बोलायचं?"

मुदकप्पाने ओट्यावरून हात उंच केला आणि मशीनकडे बोट दाखवलं. "तिच्याशी!"

"थांबावं लागंल," नीलव्वा मान न वळवता म्हणाली. "पाचशे हाईत."

हिरेमठ थांबले. वीरेशने स्टूल आणलं नव्हतंच. तो मंडक्की खात निघून गेला. शंभर झाली, दीडशे झाली. खडाड-धप. घाम दुंडप्पाच्या मिशांतून हनुवटीवर ओघळत होता. एकाएकी त्याने पाय उचलला. चाक मंदावत थांबलं. त्याने वाकून थप्पीवरचं एक हँडबिल घेतलं, उजेडात धरलं, डोळे बारीक केले. सवयीने तिची नजर गिरिजव्वाला शोधू लागली, पण गिरिजव्वा घरी मिरच्या राखत होती. दोघांच्या मध्ये कुणीही नव्हतं.

"नीलव्वा," दुंडप्पा सरळ तिला म्हणाला, "शाई लई झालीय. कमी कर."

वीस वर्षांत त्याच्या तोंडून तिने आपलं नाव ऐकलं नव्हतं.

"करते, भाऊजी," ती म्हणाली. तिने फडक्याने तबकडीवरची शाई टिपली. त्याने पट्टीवर पाय ठेवला, आणि तिने पुढचा कागद घातला.